काळ्या वायरीचा अर्थ

गाडी चालू करणं त्यांचं आणि चालवणं तिचं, अशी त्या घरात कामाची वाटणी होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठवड्यातून तीनदा पहाटे साडेपाचला दोघं जिना उतरत. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसत, चोक ओढत, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून सोडत आणि किल्ली फिरवत. गाडी चालू झाली की खाली उतरत आणि बॉनेटला हात टेकत टेकत पलीकडच्या दारापाशी जात. तोवर ती पिशवी मागे टाकून स्टिअरिंगमागे बसलेली असे. समोरचा न्हावी तोंडात ब्रश धरून हा सोहळा बघायचा. एकदा म्हणाला, "काकू, फीत कापायला काका आणि पूल बांधायला तुम्ही."

"फीत तरी कापू दे रे त्यांना," ती म्हणाली. "बाकी सगळं डॉक्टरांनी काढून घेतलंय."

गल्लीत तिच्या नवऱ्याला सगळे बॅटरीवाले म्हणत. गाड्यांच्या वायरिंगच्या कामात त्यांची अडतीस वर्षं गेली होती. ही गाडी त्यांच्या लग्नाहून जुनी. कुणीतरी टाकून दिलेला सांगाडा त्यांनी ओढत आणला होता आणि दिव्यांपासून हॉर्नपर्यंत तिच्यातली एकूण एक वायर स्वतःच्या हाताने घातली होती. सीटांची कव्हरं तिची, पडद्याच्या उरलेल्या कापडाची. ती एका दुकानासाठी घरी बसून पडदे शिवायची. खिडकीशी मशीन, मशीनशी ती, अशी तीस वर्षं.

लग्न नवं असताना एका संध्याकाळी ते हात धूत म्हणाले होते, "आज एका गाडीने दिवसभर जीव खाल्ला. शेवटी कळलं, तिला अर्थच नव्हता." ती पोळपाटावरून मान वर करून बघत राहिली. मग त्यांनी समजावलं: बॅटरीतून करंट वायरीने जातो, पण परत येतो तो गाडीच्या लोखंडातून. तो परतीचा रस्ता म्हणजे अर्थ, अर्थिंगमधला. काळी वायर लोखंडाला नीट चिकटली नसेल, तर बाकी सगळं जागच्या जागी असूनही दिवा लागत नाही. पुढे मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा बाईंनी विचारलं, बाबा काय करतात. मुलगी म्हणाली, गाड्यांना अर्थ देतात. बाईंना वाटलं, घरात कुणी तत्त्वज्ञ आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिस सुरू झालं. सुया टोचायला सोपं जावं म्हणून डाव्या हाताची शीर आणि रोहिणी जोडून टाकली. तिथे आता एक जाड, वाकडी शीर वर आली होती आणि बोट ठेवलं की कातडीखाली घरघर लागायची. ही घरघर रोज बघायची, लागली नाही तर तसंच उठून यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज पहाटे चारला उठून ती आधी त्या हातावर बोट ठेवायची आणि मग चहाचं आधण. त्या हाताने जड उचलायचं नाही, पाना पिळायचा नाही, वायर ओढायची नाही. बॅटरीवाल्यांनी दुकान बंद केलं आणि हत्यारं खोक्यात भरली.

ती चोपन्नाव्या वर्षी गाडी शिकली. शिकवणीत बाकी सगळी अठरा-एकोणीसची पोरं. पहिल्या परीक्षेत नापास झाली, कारण चौकात ती सगळ्यांना 'तुम्ही आधी जा' म्हणत थांबून राहिली. दुसऱ्यांदा पास झाली. त्याबद्दल तिला कुणी शाबासकी दिली नाही, तिनेही मागितली नाही. थकणं, कंटाळणं, नको वाटणं ही सगळी पेशंटची खाती होती. ती त्या खात्यात कधी गेली नाही.

आता गाडीचं दुखणं. दोन-तीन दिवस उभी राहिली की कारबोरेटरमधलं पेट्रोल उडून जायचं. टाकीतून नवं पेट्रोल ओढणारा पंप इंजिनावरच बसवलेला. म्हणजे इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल येणार नाही आणि पेट्रोल आल्याशिवाय इंजिन चालणार नाही. मग बॅटरीच्या जोरावर स्टार्टर घरघरत राहायचा, खालच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घ्यायचे, आणि पेट्रोल पोचेपर्यंत बॅटरीचा दम निघालेला असायचा. मंगळवार सगळ्यात वाईट. शनिवारनंतर मधे तीन रात्री जायच्या. त्या दिवशी नवऱ्याची पावलंही सगळ्यात जास्त सुजलेली असायची.

आणि त्यात त्यांचा तो करार. सुरुवातीला ते गमतीने म्हणाले होते, "गाडी चालू झाली तर जाऊ." मग दर वेळी म्हणू लागले. हळूहळू त्यातली गंमत गेली आणि करार तेवढा राहिला. टॅक्सीत त्यांना मळमळायचं. शिवाय पहाटेची टॅक्सी कधी यायची, कधी नाही. मुलगी लांबून फोनवर म्हणायची, "आई, ती गाडी विकून टाका ना." ती म्हणायची, "बघू." गाडी विकली तर ते कशासाठी जिना उतरतील, हे फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं.

गेल्या मंगळवारी गाडी चालू झाली नाही. स्टार्टर रडून रडून शेवटी नुसता टक् म्हणाला. न्हावी गावाला गेला होता. टॅक्सीवाला येतो म्हणाला आणि आला नाही. सहा वाजले. पंधरा मिनिटांच्या वर उशीर झाला की मशीन पुढच्या पेशंटला जातं, हे दोघांनाही पाठ होतं.

"चला, सुटलो," बॅटरीवाले म्हणाले आणि कित्येक महिन्यांत चढले नव्हते इतक्या भराभर जिना चढले.

बुधवारी रात्री त्यांना आडवं झोपवेना. गुरुवारी न्हाव्याने आणि पेपरवाल्याने मिळून गाडी ढकलली आणि ती कशीबशी चालू झाली. नर्सने वजन बघितलं, नंतर तिला व्हरांड्यात गाठलं. "काकू, अजून एकदा चुकवलंत तर त्यांना वरच्या मजल्यावर न्यावं लागेल." वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभाग होता.

म्हणून रविवारी सकाळी ती स्टुलावर चढली आणि माळ्यावरचं खोकं खाली काढलं. त्यात तेलकट कागदात गुंडाळलेला एक विजेवर चालणारा पेट्रोलचा पंप होता, मुठीएवढा. दहा वर्षांपूर्वी कुण्या गिऱ्हाइकासाठी आणलेला, तो माणूस परत फिरकलाच नाही. इतरांच्या गाड्यांना असे पंप बॅटरीवाल्यांनी डझनांनी बसवले होते. स्वतःच्या गाडीला मात्र बाहेरचं काही लावायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

"ते कशाला काढलंस?" त्यांनी पेपरामागून विचारलं.

"बसवणार आहे."

"कोण?"

"मी."

"बसव," ते म्हणाले आणि पान उलटलं.

ती त्यांना ओळखून होती. हा माणूस उपाशी राहील, डॉक्टरांशी खोटं बोलेल, पण वाईट काम समोर होताना गप्प बसणार नाही. तिने वायरीचं भेंडोळं जमिनीवर सोडलं, मशीनच्या खणातून कात्री घेतली आणि वायरीचं वरचं आवरण कुरतडायला लागली.

पेपर थोडा खाली आला. "कापडाची कात्री आहे ती."

"माहीत आहे."

"मी एकदा सुतळी कापली होती तिने. आठ दिवस बोलली नव्हतीस."

"तेव्हा कात्री नवी होती."

तिने आतली तांब्याची तार मुद्दाम अर्धी कापली. त्यांनी पेपर मिटला. "अगं, तांबं तुटतंय. वरचं कातडं काढायचं असतं, मांस नाही. तो लाल मुठीचा चिमटा काढ. आणि खुर्ची घे खाली."

खुर्ची तिने घेतली, हत्यारांची पेटीही तिनेच. ते नुसते मागून आले, पण आले.

गाडी अंगणात झाडाखाली उभी होती. बॅटरीवाले खुर्चीत बसले आणि अडतीस वर्षं पोरांना शिकवल्याच्या आवाजात सुरू झाले. आधी बॅटरीची काळी टोपी काढ, पेट्रोलजवळ ठिणगी नको. पंप टाकीच्या जवळ आणि खाली बसव, त्याला ढकलायला आवडतं, ओढायला नाही. दोन्ही बाजूंना रबराच्या चकत्या टाक, नाहीतर सगळी गाडी थरथरेल. गाडी चालू झाली की हा गप्प बसेल आणि जुना पंप याच्यातूनच पेट्रोल ओढून घेईल. ती मागच्या चाकाशी गोणपाट टाकून गाडीखाली सरकली. टाकीजवळची रबरी नळी पकडीने दाबून कापली, तरी चमचाभर पेट्रोल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"आयुष्यभर तुमच्या मागे मागे केलं," ती खालून म्हणाली, "आता तुमच्या गाडीच्या खाली."

"वरून दिसतात तुझे पाय. चप्पल वेगवेगळी घातली आहेस."

वायर पुढून मागे न्यायची होती, दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीतून. ते ताठ तार शोध म्हणत होते. तिने वायरीच्या टोकाला मोठी सेफ्टी पिन लावली आणि पिन बोटांनी चाचपत, पुढे सरकवत, चुण्या सारत, नाडी ओवतात तशी अख्खी वायर डिकीपर्यंत ओवून काढली.

बॅटरीवाले खुर्चीतून पुढे वाकून बघत होते. "हे कुठे शिकलीस?"

"तुमचे पायजमे."

दुपार झाली. ती वर जाऊन जेवण गरम करून आली, त्यांचं पाणी पेल्याने मोजून दिलं, स्वतः उभ्यानेच जेवली. त्यांनी खोक्यातून एक बटण शोधून ठेवलं होतं. दाबलं की चालू, बोट उचललं की बंद. साधा स्विच का नाही, असं तिने विचारलं. "साधा स्विच विसरायला होतो," ते म्हणाले. "कुठे ठोकर बसली, माणूस बेशुद्ध पडला, तरी पंप आपला पेट्रोल ओततच राहणार. बटणाचं तसं नाही. बोट आहे तोवर पंप आहे." बटण बसवायची जागा नंतर ठरवू म्हणून तिने ते दोन वायरींवर नुसतं लोंबतं ठेवलं. बॅटरीजवळ फ्यूज घातला. पंपाची लाल वायर पुढून आलेल्या वायरीला जोडली आणि काळ्या वायरीची कडी शेजारच्याच बोल्टाखाली आवळली. बॅटरीची टोपी परत बसवली.

"ऐक नीट," ते ड्रायव्हरच्या सीटवर बसून म्हणाले. "पंप टिकटिकेल."

ती मागे, टाकीशी कान लावून. त्यांनी बटण दाबलं असावं. काही ऐकू आलं नाही. कुठेतरी रेडिओ चालू होता, तेवढाच.

"दाबलंत का?"

"दाबलंय."

त्यांनी टेस्टचा दिवा दिला, तिने त्याचा चिमटा बॅटरीच्या काळ्या टोकापर्यंत लांब वायरीने जोडला आणि टोक पंपाच्या लाल वायरीला टेकवलं. दिवा लागला. म्हणजे करंट येत होता आणि पंप गप्प होता. बॅटरीवाले उतरून मागे आले. डिकीला धरून वाकले, दम लागला म्हणून थांबले, पुन्हा वाकले आणि गाडीखाली बराच वेळ बघत राहिले. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले. चेहरा राखेसारखा झाला होता.

"ह्याला अर्थच नाही," ते म्हणाले, आणि वळून जिन्याकडे चालायला लागले.

ती गोणपाटावर बसून राहिली. त्यांची चप्पल पायरीवर वाजत गेली, एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. हे वाक्य कधीतरी येणार, हे तिला दोन वर्षं माहीत होतं. पहाटेच्या अंधारात, मशीनच्या शेजारी, बिनमिठाच्या ताटावर, कुठेही येईल म्हणून ती कान देऊन होती. ते भर दुपारी, अंगणात, असं सहज आलं. तिने पाने उचलून पेटीत टाकायला सुरुवात केली. मोठ्या पान्याखाली लहान पाना, सगळे उलटसुलट.

चप्पल परत खाली आली. ती मागे वळली नाही.

"नसेल अर्थ तर नसू दे," ती पेटीकडे बघत म्हणाली. आवाज चढला नाही. चढवण्याइतकं काही अंगात उरलंच नव्हतं. "मंगळवारी उतरू नका खाली. मी काही ओढत आणणार नाही. दोन वर्षं मी चारला उठते. तुमचे पाण्याचे पेले मोजते. मिठाचा डबा लपवते आणि मग मलाच सापडत नाही. मी म्हटलं का कधी, ह्याला काय अर्थ आहे म्हणून? मलाही जिवावर येतं. किल्ली फिरवताना तुम्ही काय मनात म्हणता ते मला कळतं, कारण मीही तेच म्हणते. आज नको होऊ दे चालू. एखाद्या दिवशी तरी नको होऊ दे. त्या मंगळवारी तुम्ही सुटलो म्हणालात ना, मी वर येऊन नऊ वाजेपर्यंत झोपले. तुम्ही तिकडे फुगत होतात आणि मी झोपले होते. इतकी चांगली झोप मला दोन वर्षांत लागली नव्हती."

मागून नुसता श्वास ऐकू येत होता, जिना चढून उतरल्याचा. मग काहीतरी तिच्या खांद्यावरून पुढे आलं. घडी घातलेला पॉलिश पेपर.

"पंपाला म्हणालो," बॅटरीवाले म्हणाले. "अर्थ पंपाला नाही. काळी वायर लावलीस तिथे डांबर आहे. गंज लागू नये म्हणून मीच फासलं होतं, दोन हात. हा आणायला वर गेलो होतो."

तिने पेपर हातात घेतला. त्याच्या मागच्या बाजूला नंबर छापला होता, तो वाचला. मग परत वाचला.

"चौतीस वर्षं," ते खुर्चीत बसत म्हणाले. "आणि तूच असं ऐकावंस."

"तुम्ही म्हणालात कसं ते."

"मी कसं म्हणालो?"

ती गोणपाटावर आडवी झाली आणि गाडीखाली सरकली. बोल्ट सोडवला आणि घासायला लागली. डांबर आधी चिकटपणे गोळा झालं, मग सुटलं. त्याखाली जुना रंग, त्याखाली लालसर थर, आणि मग बोटाच्या पेराएवढं कोरं, चकचकीत लोखंड. डांबराचे कण तिच्या पापण्यांवर पडत होते. डोळे पुसायला तिला तेवढं कारण पुरलं.

"झोपलीस ते बरं केलंस," वरून आवाज आला. जरा थांबून, "मला माहीत होतं. घोरत होतीस."

तिने कडी आवळली. त्यांनी गाडीत बसून बटण दाबलं आणि तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पंप जागा झाला. टिकटिकटिकटिक, शिवणाच्या मशीनसारखा, घाईत. थोड्याच वेळात टिकटिक मंदावली, एकेक टिक सुटी ऐकू यायला लागली.

"मंदावला की समजायचं, कारबोरेटर भरलं," ते म्हणाले.

"चालू करून बघू या?"

"नको. कालच फिरली आहे, आज कशीही चालू होईल. खरं काय ते मंगळवारी." मग बोटाने डॅशबोर्डच्या मधोमध दाखवलं. "बटण इथे बसव. आणखी डावीकडे. आणखी."

"ड्रायव्हरचा हात कसा पोचणार तिथे?"

"बसव म्हणतो ना."

तिने भोक पाडलं आणि बसवलं. वाद घालायला लागणारा जोर तिने पेटी वर नेण्यासाठी राखून ठेवला.

मंगळवारी चारला तिने त्यांच्या हातावर बोट ठेवलं. घरघर लागत होती. पावलं सुजली होती. साडेपाचला दोघं जिना उतरले. न्हावी ब्रश तोंडात धरून, बाह्या सरसावून, ढकलायच्या तयारीने दाराशी उभा होता. बॅटरीवाले गाडीपाशी गेले, बॉनेटला हात टेकत टेकत. ड्रायव्हरच्या दारापाशी थांबले नाहीत. पुढून वळसा घेऊन सरळ पलीकडच्या दाराशी गेले, आत बसले आणि दार ओढून घेतलं.

ती किल्ली हातात घेऊन बाहेरच उभी राहिली.

"बस ना," ते आतून म्हणाले. "सहाला मशीन लागतं."

ती बसली. त्यांनी उजवा हात पुढे केला. बटण बरोबर हाताशी होतं. मागे कुठेतरी टिकटिक सुरू झाली, घाईघाईची. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत राहिले. टिकटिक जरा सैल झाली. अजून सैल झाली. आता तिला एकेक टिक मोजता आली असती. चालू होऊ नये, असं आज मनात आलं का, हे ती स्वतःला विचारून बघत होती. थोडंसं आलं होतं.

"चोक ओढ," ते म्हणाले. "ॲक्सिलरेटर दोनदा. आता."

तिने किल्ली फिरवली. स्टार्टर दोनदा घरघरला आणि इंजिनाने पकड घेतली, एकदा खोकलं, मग एका लयीत चालू राहिलं. त्यांनी बटणावरून बोट काढलं.

न्हाव्याने तोंडातला ब्रश काढला आणि खिडकीशी वाकला. "काका, आज फीत कुणी कापली?"

"माणूस बदलला," बॅटरीवाले म्हणाले. "आमची बदली झाली पंपावर."

ती गाडी गरम व्हायची वाट बघत थांबली. जांभई आली, ती तिने लपवली नाही. दोन वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

"मी मशीनवर असेन ते चार तास," ते काचेबाहेर बघत म्हणाले, "तू व्हरांड्यातल्या बाकावर पडद्यांच्या पट्ट्या दुमडत बसू नकोस. गाडीत येऊन झोप. मागची सीट लांब आहे."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"नर्स आहे की."

तिने आरशात मागच्या सीटकडे बघितलं. कव्हराच्या कडेची शिवण उसवली होती, दोरा लोंबत होता. हे आजच धरायला हवं, असं सवयीने तिच्या मनात आलं आणि गेलं. तिने गिअर टाकला आणि गाडी गल्लीतून हळूच बाहेर काढली. तोंडाशी एक सायकलवाला आला. तिने त्याला आधी जाऊ दिलं.